जाळीच्या आत काय आहे, हे कोण बघतो?

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरजवळ तुमच्या मामांची नऊ बिघे जमीन एका सरकारी संशोधन प्रक्षेत्राला लागून आहे. गेल्या हिवाळ्यात कुंपणापलीकडे मोहरीच्या काही ओळींवर पांढऱ्या जाळीचे पिंजरे उभे राहिले, झाडांच्या शेंड्यांना कागदी पिशव्या बांधल्या गेल्या आणि गावात बोलवा उठली की 'जीएम सरसों', म्हणजे जनुकबदल केलेली मोहरी, लावली आहे. मामा दरवर्षी मधमाश्यांच्या पेट्यावाल्याला बांधावर जागा देतात, म्हणून त्यांना घोर लागला. तुम्ही विचारलंत: पैसा जनतेचा, जमीन सरकारची, शास्त्रज्ञही सरकारचेच, मग यांच्यावर लक्ष ठेवणारं कोण? आणि आपल्याला विचारायचा अधिकार आहे का?

आधी जाळीचं सांगतो, म्हणजे मामांना आज रात्री झोप लागेल. मी एकतीस वर्षं पीक-पैदासकार (पिकांचे नवे वाण तयार करणारा) म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी मोहरीवर. तुम्ही जे बघितलंत ते जवळजवळ प्रत्येक मोहरी-पैदासकाराच्या शेतात दर हिवाळ्यात दिसतं, आणि त्याचा जीएमशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, पण मधमाश्या आल्या की शेजारच्या वाणाचा परागही येतो. वाण शुद्ध राखायचा तर शेंडा बटर पेपरच्या पिशवीत घालावा लागतो. दोन वाणांचा संकर करायचा असेल तर संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी चिमट्याने हलकेच उघडायची, आतले सहा पुंकेसर (चार लांब, दोन आखूड) एकेक करून काढायचे, पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या झाडाचा पराग टेकवायचा. जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या थंडीत हे काम करताना बोटं इतकी बधिर होतात की स्त्रीकेसरच तुटून हातात येतो. ओळ मोठी असेल तर पिशव्यांऐवजी मच्छरदाणीसारखी जाळी लावतात. म्हणजे नुसती जाळी बघून काहीच ठरत नाही.

जनुकबदल केलेल्या पिकाची बंदिस्त शेतचाचणी असेल तर खुणा निराळ्या असतात. स्वतंत्र कुंपण, कुलूप, राखणदार, भोवती त्याच पिकाच्या साध्या वाणाच्या सीमा-ओळी, बाहेरच्या पिकापासून ठरवून दिलेलं अंतर. कापणीनंतर उरलेली झाडं जाळतात किंवा पुरतात आणि पुढच्या हंगामात त्या तुकड्यात आपोआप उगवलेली रोपं मोजून उपटतात. क्षेत्रही लहानच: पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी १ एकर, दुसऱ्यात अडीच एकर, त्याहून जास्त नाही. यातलं काही दिसलं असेल तर तुमची शंका रास्त. नसेल तर बहुधा कोणीतरी माझ्यासारखाच गारठलेला पैदासकार तिथे वाण जपतो आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. तो जीएम चांगलं की वाईट हा नाहीच. त्यावर चार माणसं जमली की पाच मतं असतात आणि त्यात मी पडणार नाही. तुमचा प्रश्न असा की बनवणारा सरकारी आणि तपासणाराही सरकारी, तेव्हा तपासणी खरी होते का. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत मी तीन संस्थांच्या जैवसुरक्षा समित्यांवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसलो, त्या अनुभवावरून सांगतो: दिल्लीतल्या बड्या समित्यांवर एवढा वाद होतो, पण माझ्या मते खरी गळती त्याच्या कितीतरी खाली आहे. ती संस्थेच्या बियाणे-खोलीत आहे.

कागदावरची रचना आधी बघू. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. त्याखाली ५ डिसेंबर १९८९ला जनुकीय बदल केलेल्या सजीवांविषयीचे नियम निघाले आणि त्या नियमांवरच सगळा डोलारा उभा आहे. सगळ्यात खाली संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती, जिला आम्ही आयबीएससी म्हणतो. हिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ असतात, एक डॉक्टर असतो, बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा एक प्रतिनिधी. तिच्यावर त्याच विभागात बसणारी, जनुकबदलाच्या कामांचा आढावा घेणारी समिती, आरसीजीएम. प्रयोगशाळेतल्या आणि सुरुवातीच्या चाचण्यांच्या परवानग्या आणि माहिती तिच्याकडे. सर्वात वर पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी, जी पीक खुल्या शेतात सोडायचं की नाही याची शिफारस करते. ही पूर्वी 'मंजुरी समिती' होती, २०१०मध्ये तिचं नाव 'मूल्यांकन समिती' झालं. नावातला हा फरक लहान नाही, कारण तेव्हापासून समिती सुचवते आणि अंतिम निर्णय सरकारचा. शिवाय राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती आणि जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली एक, अशी योजना आहे. २०११पासून शेतचाचणीला राज्य सरकारचं ना-हरकत पत्रही लागतं.

जिल्हा समितीबद्दल एक सांगून टाकतो. एका जिल्ह्यात आम्ही चाचणीच्या भेटीआधी कलेक्टर कचेरीत रीतसर पत्र घेऊन गेलो. बाबूंनी पत्र दोनदा वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "ये बायोगैस वाला मैटर है क्या?" नियमात लिहिलेली ती समिती त्या जिल्ह्यात कधी स्थापनच झाली नव्हती. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या मामांनी कलेक्टर कचेरीत जाऊन विचारलं तर काय उत्तर मिळेल याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता बियाणे-खोलीकडे येतो. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पावर दोन प्रकारची देखरेख असते, एक पैशाची आणि एक बियाण्याची. पैशाची बघाल तर थक्क व्हाल. वर्ष संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचं विवरण, यंत्रखरेदीची नोंद, वर लेखापरीक्षण. एका प्रकल्पात टोनरच्या पावतीत अडतीस रुपयांचा फरक निघाला, तर पुढचा हप्ता दोन महिने अडला होता. त्याच प्रकल्पाची बियाणे-नोंदवही आम्ही समितीतर्फे उघडली. एका जनुकबदल केलेल्या ओळीपुढे लिहिलं होतं २१२ दाणे. पाकीट फोडून डिशमध्ये ओतलं, मोजलं, पुन्हा मोजलं: १९७. पंधरा दाणे कुठे गेले, याचं उत्तर एका पीएच.डी. विद्यार्थ्याने दिलं, "सर, अंकुरण तपासायला घेतले असतील." असतील! घेणाऱ्याची सही नाही, तारीख नाही. मी इतिवृत्तात हे लिहायला सांगितलं. पुढच्या बैठकीला इतिवृत्त आलं त्यात वाक्य होतं, 'नोंदी अधिक काटेकोर ठेवाव्यात'. पंधरा दाण्यांचा उल्लेखच नव्हता. मी पुन्हा धरून बसलो तेव्हा तो आला, पण त्यानंतर त्या संस्थेने मला दुसऱ्यांदा नेमलं नाही.

कोणी म्हणेल, पंधरा दाण्यांनी काय होतं. आपल्याच देशातला मोठा दाखला आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून सरकारी पैशातून एक बीटी कापूस (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला) केला, बिकानेरी नरमा बीटी. कल्पना फार चांगली होती. कंपन्यांचे बीटी कापूस संकरित, त्यामुळे दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. हा सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याने बी घरी राखावं आणि पुढच्या वर्षी पेरावं. जीईएसीने २००८मध्ये मान्यता दिली, २००९च्या खरिपात तो शेतात गेला आणि त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. त्या बियाण्यात खासगी कंपनीच्या बीटी कापसातल्या मॉन-५३१ या जनुकबदलाची भेसळ सापडली. चौकशीला समिती बसली, २०१२मध्ये अहवाल आला.

हे प्रकरण मी तरुण शास्त्रज्ञांना नेहमी सांगायचो, कारण इथे तिन्ही पायऱ्या पार झाल्या होत्या. संस्थेची समिती, आरसीजीएम, जीईएसी, सगळ्यांकडे कागद गेले, सगळ्यांनी वाचले, सह्या झाल्या. मॉन-५३१ आहे की नाही हे सांगणारी पीसीआर ही डीएनए-चाचणी जमलेल्या प्रयोगशाळेत एका दिवसाचं काम आहे. मान्यतेआधी ती स्वतंत्र हातांनी, थेट पोत्यातल्या बियाण्यावर झाली असती तर पुढची शोभा टळली असती. समित्या दस्तऐवज तपासतात, आणि दस्तऐवज तयार करतो तोच शास्त्रज्ञ ज्याचं बियाणं आहे. मी स्वतः तसे दस्तऐवज लिहिले आहेत, त्यामुळे हे आरोप म्हणून नाही, धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो. नुकसान काय झालं तेही बघा: एक वाण गेला तो गेलाच, पण 'सरकारी बीटी' या कल्पनेवरचा शेतकऱ्याचा विश्वास गेला आणि बाजार कंपन्यांकडेच राहिला.

वरच्या पातळीवरचा दोष नाही असं नाही. जैवतंत्रज्ञान विभाग संशोधनाला पैसे देतो आणि आरसीजीएमही त्याच छपराखाली बसते. कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलाने २००४मध्येच स्वायत्त नियामक सुचवला होता. त्यासाठीचं विधेयक २०१३मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. म्हणजे १९८९च्या नियमांवरच गाडी चालू आहे, आणि ते नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतले सूक्ष्मजीव जास्त होते, शेत कमी.

तुमचं पीक मोहरी, म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या डीएमएच-११ या संकरित जीएम मोहरीबद्दल बोलायलाच हवं. जनतेच्या पैशातून झालेलं देशातलं हे सर्वात गाजलेलं जनुकबदलाचं काम. पैसा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा. मातीतल्या जिवाणूची दोन जनुकं घेऊन, बार्नेझने एका वाणाचा पराग वांझ करायचा आणि बार्स्टारने संकरात तो परत फळता करायचा, अशी युक्ती. म्हणजे कळीतले ते सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे कष्ट झाडानेच वाचवायचे. त्याच्या चाचण्या राजस्थान, पंजाब आणि दिल्लीत झाल्या.

या प्रकरणात दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे, सुरक्षेची माहिती खुली करा असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने २०१६मध्ये दिल्यावरही मंत्रालयाने संकेतस्थळावर ठेवला तो उपसमितीचा सारांश-अहवाल. मूळ दस्तऐवज वाचायचा तर दिल्लीला मंत्रालयात जाऊन बसायचं, तेही महिनाभराच्या मुदतीत. ग्वाल्हेरशेजारच्या मुरैन्याच्या शेतकऱ्याने घाणीवर मोहरी टाकून दिल्लीची गाडी पकडावी आणि हजारो पानं वाचून परत यावं, अशी अपेक्षा असावी! दुसरी गोष्ट मामांच्या पेट्यांची. ऑक्टोबर २०२२मध्ये जीईएसीची डीएमएच-११ सोडण्याची शिफारस झाली तेव्हा मधमाश्या आणि इतर परागवाहकांवरचा शेतातला अभ्यास बियाणं सोडल्यानंतर दोन वर्षांत करावा, अशी अट घातली गेली. आधी नाही, नंतर. चंबळच्या पट्ट्यात मोहरी फुलली की बांधाबांधावर पेट्या लागतात, मुरैन्याचा मध दूरवर जातो, आणि इथे हा प्रश्न नंतरसाठी ठेवायचा? मला स्वतःला वाटतं की बार्नेझ-बार्स्टारने माश्यांना अपाय होण्याची शक्यता कमी आहे. पण 'मला वाटतं' हे मी माझ्या समितीत कोणाकडून ऐकून घेतलं नसतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २३ जुलै २०२४ला दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. न्या. नागरत्ना यांनी मान्यता सदोष ठरवली, न्या. करोल यांनी ती योग्य मानली. दोघांचं एकमत झालं ते यावर की देशाचं जीएमविषयक राष्ट्रीय धोरण हवं.

तोवर जमीनच सरकली आहे. मार्च २०२२मध्ये जीन-संपादनाचे (झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याचे) काही प्रकार, ज्यात परकं जनुक शेवटी उरत नाही, ते १९८९च्या नियमांच्या बऱ्याच कलमांतून वगळले गेले. मे २०२५मध्ये अशा दोन भातांची घोषणा झाली, हैदराबादच्या भात-संशोधन संस्थेचं 'कमला' आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'डीएसटी राइस १', दोन्ही सरकारी पैशातून. मला या तंत्राबद्दल उत्साह आहे, लपवत नाही. पण जीईएसीची पायरी गेली की परकं डीएनए उरलेलं नाही हे बघण्याचा मुख्य भार कोणावर येतो? संस्थेच्या त्याच आयबीएससीवर, जिच्या इतिवृत्तातून माझे पंधरा दाणे गळले होते. माझी सूचना साधी आहे आणि तिला कायदा बदलायची गरज नाही. प्रत्येक आयबीएससीने वर्षातून एकदा, न कळवता, बाहेरच्या माणसाच्या हातून पाकीट फोडावं, दाणे मोजावेत, नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल संस्थेच्या फलकावर लावावा. अडतीस रुपयांचा टोनर शोधणारी यंत्रणा हे सहज करू शकते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुमचा समज होईल की सरकारी शास्त्रज्ञच चोर. सरकारी संस्था परवानगीसाठी वर्षानुवर्षं थांबते, राज्याचं पत्र येता येता पेरणी टळते, आणि तिकडे तणनाशक-सहनशील कापूस कुठल्याही परवानगीविना शेतात उभा असतो. २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरला. २००१मध्ये गुजरातेत तर मंजुरीआधीच बीटी कापूस उभा असल्याचं कळलं ते कशामुळे? बोंडअळीने आसपासची शेतं खाल्ली आणि तेवढीच हिरवी राहिली, म्हणून. कुठल्याही समितीने ते शोधलं नव्हतं.

आता तुम्ही काय करायचं. विचारायचा अधिकार आहे, निःसंशय, पण आधी शिष्टाचार. मामांना घेऊन प्रक्षेत्र व्यवस्थापकांना भेटा आणि सरळ विचारा, जाळीत काय आहे. दहातल्या नऊ वेळा तिथेच उत्तर मिळतं, कधी चहाही.

नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. प्रक्षेत्र कोणाचं यावर पुढचा रस्ता ठरतो: राज्याच्या कृषी विद्यापीठाचं असेल तर अपील शेवटी भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे जातं, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेचं असेल तर दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. अर्जात 'जीएम लावलं आहे का' असं विचारू नका, त्याला 'नाही' एवढं उत्तर येईल आणि विषय संपेल. 'का' तर मुळीच नको. कारणमीमांसा द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. अमुक सर्वे क्रमांकावर गेल्या रब्बीत घेतलेल्या प्रयोगांची यादी. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या गेल्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं (वर्षाला निदान दोन बैठका व्हायला हव्यात). चाचणी असेल तर परवानगीपत्र आणि राज्याचं ना-हरकत पत्र. आणि कापणीनंतर त्या तुकड्यावर ठेवलेल्या देखरेखीची नोंदवही. शेवटची मागणी गाळू नका. बाकीचे कागद वरून आलेले असतात, ही वही मात्र शेतात उभं राहूनच भरावी लागते आणि ती खोटी भरली असेल तर एकाच शाईत, एकाच हाताने भरलेली लगेच कळते.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. व्यापारी गुपित म्हणून नाकारलं तर पहिल्या अपिलात एवढंच लिहा की प्रकल्प सार्वजनिक निधीचा आहे आणि शेजारच्या शेतकऱ्याचा थेट संबंध आहे. व्यापक जनहित असेल तर ते कलमही माहिती रोखू शकत नाही. जीईएसीच्या बैठकांची इतिवृत्तं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात, तीही आधी चाळून घ्या.

पेट्यावाल्याला या हंगामात यायला नको म्हणू नका, त्याचं वर्षाचं पोट त्यावर असतं. फक्त पुढच्या डिसेंबरात पिंजरे पुन्हा उभे राहिले तर बांधावरून तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि कुठे जाळी फाटलेली किंवा पिशवी उडून तुमच्या वावरात पडलेली दिसली तर तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला ओळ-क्रमांक पुसू न देता ती व्यवस्थापकांना नेऊन द्या. त्यांना ती हवी असते.